पावकिलोतला किलो

गिरगावात खोताच्या वाडीच्या आसपास वेफरच्या दुकानात गिऱ्हाईक ‘पाव किलो द्या’ म्हणतं आणि दुकानदार अडीचशे ग्रॅम तोलून देतो. या मागणीत वजनाचं एककच नाही, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. पाव म्हणजे चौथा हिस्सा, किलो म्हणजे हजार. हजाराचा चौथा हिस्सा, पण कशाचा? ते कुणीच बोललेलं नाही. उपसर्ग राहिला आणि ज्याच्या सेवेसाठी तो आला होता तो ग्रॅम गळून पडला.

किलोचा जन्म फ्रान्सचा. राज्यक्रांतीनंतर 7 एप्रिल 1795 रोजी तिथे मापांचा कायदा झाला आणि उपसर्गांची वाटणी ठरली: एकक वाढवायचं असेल तर ग्रीक संख्या, लहान करायचं असेल तर लॅटिन. म्हणून डेका, हेक्टो, किलो हे ग्रीक आणि डेसी, सेंटी, मिली हे लॅटिन. ग्रीकमध्ये हजाराला ‘खिलिओई’ म्हणतात, त्याचा फ्रेंच तोंडी किलो झाला. लॅटिन ‘मिले’चाही अर्थ हजारच. रोमन सैनिकांच्या हजार दुहेरी पावलांवरून मैल आला, आणि त्याच शब्दाला कायद्यानं हजाराव्या भागाच्या कामाला लावलं, तो मिली. म्हणजे मैलाचा दगड आणि औषधाच्या बाटलीवरचा ‘मि.ली.’ हे शब्दानं सख्खे भाऊ.

आणि किलो आपल्याला परका तरी कुठे आहे? ‘सहस्र’ शब्दातला ‘स’ म्हणजे एक. उरलेलं ‘हस्र’ आणि ग्रीक ‘खिलिओई’ एकाच मुळातून आले, असं तौलनिक भाषाशास्त्र मानतं. फारसीतून आलेला ‘हजार’ हा तर ‘सहस्र’चाच इराणी जोडीदार. एकच जुना शब्द आपल्याकडे तीन वाटांनी पोचला: संस्कृतातून सहस्र, फारसीतून हजार आणि पॅरिसहून इंग्रजीमार्गे किलो. डेका आणि डेसी ‘दश’च्या नात्यातले, हेक्टो आणि सेंटी ‘शत’च्या. शाळेत मुलं ‘किलो, हेक्टो, डेका’ घोकतात तेव्हा त्यांना हे नातं कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ग्रॅम गळला तो मात्र आळसानं नव्हे. भारतात 1956 मध्ये वजनमापांचा कायदा झाला आणि 1958 पासून टप्प्याटप्प्यानं दशमान वजनं बाजारात आली. त्याआधीचा गोंधळ लहान नव्हता. मुंबईचा जुना मण 28 पौंडांचा, सरकारी मण 82 पौंडांहून जड. ऐंशी तोळ्यांचा सरकारी शेर भरे सुमारे 933 ग्रॅम, म्हणजे किलोच्या अगदी जवळ. लोकांच्या तोंडात पावशेर, अच्छेर, सव्वाशेर, अडीच शेर होते. किलो आला तो थेट शेराच्या जागेवर बसला. आपले अपूर्णांक ज्याच्यापुढे लावता येतील असा आटोपशीर शब्द हवा होता. ‘पाव किलोग्रॅम’ हे जिभेला जड, ‘पाव किलो’ हे पावशेराच्या ठेक्यातलं. ग्रॅम टाकून नुसतं किलो फ्रेंच माणूसही म्हणतो. पण पुढे पाव, पाऊण, सव्वा लावून त्याला आपलं करणं ही इथल्या भाषांची करामत.

किलोलाच एकक मानण्यात शास्त्राशी फारशी फारकतही नाही. आंतरराष्ट्रीय पद्धतीतल्या सात मूळ एककांपैकी नावातच उपसर्ग घेऊन बसलेलं एकच, किलोग्रॅम. 1793 मध्ये या वजनाला ‘ग्राव्ह’ असं स्वतंत्र नाव दिलं होतं, ते दोन वर्षांत गेलं. ते टिकलं असतं तर आपण आज ‘सव्वा ग्राव्ह कांदे’ मागितले असते.

हे अपूर्णांक तरी काय आहेत? आपले स्वतःचे उपसर्गच. ‘पाव’ हा ‘पाद’वरून आला, जनावराच्या चार पायांतला एक. (खोताच्या वाडीतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला खायचा पाव वेगळा, तो पोर्तुगीज. लादीचा चौथा तुकडा म्हणून पाव, ही व्युत्पत्ती ऐकायला छान, पण खरी नाही.) सपादचं सव्वा, पादोनचं पाऊण, सार्धचं साडे झालं. अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धा, त्याचं अडीच. अर्धचतुर्थचं औट, म्हणजे साडेतीन. ‘औट घटकेचं राज्य’ यात तो अजून जिवंत आहे. सव्वाशे, दीडशे, अडीचशे म्हणताना आपण शंभराला गुणतो, जसा किलो ग्रॅमला गुणतो. फ्रेंच उपसर्ग दहांच्या पायऱ्यांनी चढतात, आपले पावांच्या. दोन उपसर्ग एकापुढे एक लावू नयेत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मराठीनं आपला एक त्यांच्या एकापुढे लावला आणि कुणाचा हिशेब चुकला नाही.

खोताच्या वाडीचं नावही मापाच्या जगातलंच. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांवरून ते पडलं, असं सांगतात. खोत म्हणजे कोकणात गावाचा सारा गोळा करणारा. कुळाकडून तो धान्य घेई खंडी-मणांच्या हिशेबानं, आणि अर्धा वाटा देणारं कूळ अर्धेल, तिसरा देणारं तिर्धेल. तिथे अपूर्णांक कुळाच्या पोटावर येत होता. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, कायदा 1949 मध्ये झाला. त्याच कोकणातल्या सातबाऱ्यावर आज ‘हेक्टर-आर’ लिहितात. शंभर आर म्हणून हेक्टर. पुन्हा तोच ‘शत’चा नातलग. एक आर जवळपास एका गुंठ्याएवढा, म्हणून शेतकऱ्याला तो चटकन पटला.

मेगाचं, म्हणजे दशलक्षाच्या उपसर्गाचं, मात्र असं जमलं नाही. वीज ‘मेगावॅट’मध्ये राहिली, पण मुंबईचं पाणी ‘दशलक्ष लिटर’ झालं. सात तलावांची क्षमता बातमीत येते ती 14 लाख 47 हजार 363 दशलक्ष लिटर अशी. लाखावर दशलक्ष रचले की वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. आकडा लहान ठेवणं हेच तर उपसर्गांचं काम. 1,447 अब्ज लिटर म्हटलं तर निदान मनात धरता येतं.

पूर्वी शाळेत पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत. 1957 मध्ये नवे पैसे आले, आण्यांचा हिशेब संपला आणि ही घोकंपट्टीही मागे पडली. आता पाऊण किलो म्हणजे किती, असं दहावीतल्या मुलाला थांबून विचारावं लागतं. सगळ्या औटक्या परत आणा, असं मी म्हणत नाही. पण पाठ्यपुस्तकात किलो-हेक्टो-डेकाचा तक्ता असतो, त्याच पानावर पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच छापायला एक ओळ पुरेल.