वॅक्सहॉची दफनभूमी

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्याच्या लँकेस्टर काउंटीत, शार्लट शहराच्या दक्षिणेस, ओल्ड वॅक्सहॉ प्रेस्बिटेरियन चर्चची दफनभूमी आहे. मंडळीने निवडलेल्या वडीलजनांच्या हाती कारभार देणारा हा पंथ स्कॉटलंडमधून उत्तर आयर्लंडमार्गे येथे आला. येथील मंडळीची स्थापना १७५५ च्या सुमाराची. नाव मात्र वॅक्सहॉ या मूलनिवासी जमातीचे. वसाहतकाळातील युद्धांत ती विखुरली आणि मागे तिचे नावच तेवढे उरले.

पहिल्या पिढीतील पाळक विल्यम रिचर्डसन १७७१ मध्ये गळ्याभोवती लगाम आवळलेल्या स्थितीत मृत आढळले. संशय पत्नीवर आला. परंपरागत हकीकत अशी, की पुढे थडगे उकरून तिला पतीच्या कवटीला स्पर्श करण्यास भाग पाडले गेले. खुन्याच्या स्पर्शाने रक्त वाहते, अशी तेव्हा समजूत होती. रक्त आले नाही. शिकल्यासवरल्या समाजात हे घडले, हे विसरता येत नाही. रिचर्डसन यांचा भाचा विल्यम डेव्ही पुढे उत्तर कॅरोलायनाचा गव्हर्नर आणि तेथील विद्यापीठाचा संस्थापक झाला. १८२० पासून तोही येथेच विसावला आहे.

१७६७ च्या प्रारंभी अँड्र्यू जॅक्सन नावाचा एक शेतकरी वारला. अंत्ययात्रेत मद्य इतके चालले, की वाटेत शवपेटी गाडीवरून घसरल्याचे कोणाच्या लक्षातच आले नाही, अशी दंतकथा आहे. त्याच्या थडग्यावर दीर्घकाळ दगडही नव्हता. काही आठवड्यांनी, १५ मार्च रोजी, जन्मलेला त्याचा मुलगा पुढे अमेरिकेचा सातवा राष्ट्राध्यक्ष झाला.

२९ मे १७८० च्या लढाईत टार्लटनच्या ब्रिटिशपक्षीय घोडदळाने व्हर्जिनियाच्या सैनिकांची कत्तल केली. वाचलेल्या जखमींना याच चर्चमध्ये आणले गेले. त्यांच्या शुश्रूषेत एलिझाबेथ जॅक्सन व तिची मुले होती. थोरला ह्यू १७७९ मध्येच गेला होता; रॉबर्ट १७८१ मध्ये कैदेतून सुटताच देवीने दगावला. त्याच वर्षी ती चार्ल्सटनच्या बंदरातील कैदी-जहाजांवरील आपल्या भाच्यांची सेवा करण्यास गेली आणि तेथेच तापाने वारली. चौदा वर्षांचा अँड्र्यू पोरका झाला.

दफनभूमीची नोंद १९७५ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. एलिझाबेथच्या स्मरणार्थ येथे स्मारक उभे असले, तरी तिचा देह येथे नाही. राष्ट्राध्यक्षपद लाभलेल्या मुलाने तिच्या थडग्याचा शोध घेतला, पण ते त्याला सापडले नाही.