शत्रूचे तोतये : अमेरिकेंतील प्रतिपक्षी विमानपथकांची पूर्वपीठिका

आपल्याच सैन्यांतील निवडक वैमानिकांस शत्रूची भूमिका देऊन त्यांच्याशीं इतरांस लुटूपुटीची झुंज खेळावयास लावणारीं पथकें आज अनेक राष्ट्रांच्या वायुदलांत आढळतात. इंग्रजींत त्यांस 'ॲग्रेसर' अथवा 'ॲडव्हर्सरी' स्क्वाड्रन म्हणतात. आपल्या भाषेंत त्यांस शत्रूचे तोतये म्हणतां येईल. भेद इतकाच कीं, तोतया फसविण्यासाठीं वेष घेतो, हे शिकविण्यासाठीं घेतात. यांच्या उद्गमाची जी कथा लोकांत रूढ आहे ती पराक्रमाची आहे. कागदपत्र पाहतां मात्र तिचें मूळ अपयशाच्या एका चौकशींत सांपडतें. त्या चौकशीचा, तींतून निघालेल्या संस्थांचा व त्यांविषयींच्या प्रचलित समजुतींचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धांत, नोव्हेंबर १९४१ मध्यें, ब्रिटिश वायुदलानें डक्सफर्ड येथें १४२६ क्रमांकाची एक तुकडी उभारली. हातीं आलेलीं जर्मन विमानें उडवून तीं आपल्या वैमानिकांस दाखविणें हें तिचें काम. जून १९४२ मध्यें एक जर्मन वैमानिक दिशा चुकून वेल्समधील पेम्ब्री येथें उतरला व त्याचें फोके-वुल्फ १९० जातीचें विमान ब्रिटिशांस धडधाकट मिळालें. त्याच महिन्यांत अल्यूशियन बेटांपैकीं अकुतान बेटावर एक जपानी झीरो विमान कोसळलें. जुलैंत तें अमेरिकनांच्या दृष्टीस पडलें आणि सप्टेंबरांत सॅन डिएगो येथें त्याचीं उड्डाणें सुरू झालीं. या झीरोचें परीक्षण करूनच अमेरिकेनें हेलकॅट हें विमान रचलें, अशी आख्यायिका आहे. परंतु हेलकॅटचा पहिला नमुना २६ जून १९४२ रोजींच आकाशांत गेला होता, म्हणजे झीरो सांपडण्यापूर्वीं. तारखा ताडून पाहिल्या म्हणजे ही आख्यायिका टिकत नाहीं. टिकतें तें एवढेंच : अतिवेगांत झीरो वळविणें जड जातें, आणि त्याचें नाक एकाएकीं खालीं लोटल्यास इंजिन क्षणभर बंद पडतें, हें अमेरिकन वैमानिकांस प्रत्यक्ष उड्डाणावरून कळलें. त्या ज्ञानाची योग्यता आख्यायिकेवांचूनही थोडी नाहीं.

पुढें या ज्ञानाचा विसर पडला. कोरियाच्या युद्धानंतर असें मानलें जाऊं लागलें कीं, दुरून सोडावयाच्या क्षेपणास्त्रांमुळें समोरासमोरची झुंज आतां इतिहासजमा झाली. फँटम या अमेरिकन लढाऊ विमानाच्या आरंभींच्या नमुन्यांत तोफच ठेविली नव्हती. सराव करावयाचा तोही बहुधा फँटमनें फँटमशींच. व्हिएतनामांत समोर आलें तें मिग-१७ : लहान, चपळ, झटकन वळणारें व तोफा बाळगणारें. आपल्यासारख्याच प्रतिस्पर्ध्याशीं खेळून तयार झालेल्या वैमानिकांस हा शत्रू अपरिचित होता.

१९६८ सालीं अमेरिकन नौदलानें कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांजकडे या अपयशाची चौकशी सोंपविली. जानेवारी १९६९ चा त्यांचा अहवाल त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. जून १९६५ ते सप्टेंबर १९६८ या अवधींत सुमारें ३६० चकमकींत जवळजवळ ६०० क्षेपणास्त्रें सोडलीं गेलीं, व दहांतून सुमारें एकच कामीं आलें, असा त्याचा निष्कर्ष. ऑल्ट यांनीं पांच प्रश्न घातले होते. कारखान्यांतून माल चोख येतो काय? तो पुरवठ्याच्या वाटेवर नीट राखला जातो काय? जहाजांवर व पथकांत तो योग्य स्थितींत चढविला जातो काय? वैमानिकांस त्याचा उपयोग कळतो काय? आणि दुरुस्ती धड होते काय? वैमानिकांचे शिक्षण हा पांचांपैकीं एकच प्रश्न होता, ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवावी.

त्या एका प्रश्नाचें उत्तर म्हणून ३ मार्च १९६९ रोजीं कॅलिफोर्नियांतील मिरामार येथें नौदलाची लढाऊ विमानविद्येची शाळा निघाली. 'टॉप गन' म्हणून पुढें जगप्रसिद्ध झालेली शाळा ती हीच. तिचे पहिले प्रमुख डॅन पेडरसन. आरंभींचें बिऱ्हाड एका ट्रेलरमध्यें. मिग-१७ चें सोंग ए-४ स्कायहॉक या हलक्या विमानानें घ्यावें, मिग-२१ चें टी-३८ नें, अशी योजना होती. झुंज आटोपल्यावर दोन्ही पक्षांच्या साक्षी ताडून फळ्यावर ती पुन्हां मांडावयाची व चूक कोठें झाली तें उघड बोलावयाचें, हा शिक्षणाचा गाभा. पदवी पाहून चूक झांकावयाची नाहीं, हा दंडक होता. २८ मार्च १९७० रोजीं या शाळेंतून गेलेल्या जेरी बोलिए यांनीं एक मिग-२१ पाडलें.

येथें प्रचलित समजुतीची परीक्षा करणें अवश्य आहे. १९६८ पूर्वीं नौदलाच्या एका विमानामागें शत्रूचीं दोनअडीच पडत, तीं १९७० नंतर बारांवर गेलीं, आणि हें सर्व या शाळेचें फळ, असें नेहमीं सांगितलें जातें. या आकड्यांकडे सावधपणें पाहिलें पाहिजे. एक तर उत्तरकाळांतील एकूण संख्या लहान आहे. दोनचार विमानांच्या फरकानें प्रमाण पालटतें. दुसरें, तोंवर साइडवाइंडर क्षेपणास्त्रही सुधारलें होतें आणि जहाजावरील रडारवरून मिळणारी सूचनाही. तिसरें, व्हिएतनामी पक्षाचे आकडे अमेरिकन आकड्यांशीं जुळत नाहींत. ऑल्ट यांचे पांचही प्रश्न ज्यानें वाचले आहेत, तो सर्व श्रेय चौथ्यास देणार नाहीं. तथापि शाळेचा उपयोग झालाच नाहीं असें म्हणणेंही तितकेंच निराधार ठरेल.

वायुदलानें हा धडा थोडा मागाहून घेतला. ऑक्टोबर १९७२ मध्यें नेव्हाडांतील नेलिस येथें ६४ वें पथक उभें राहिलें; पुढें ६५ वें त्याच्या जोडीस आलें. आरंभीं टी-३८ व नंतर एफ-५ विमानें सोव्हिएत धर्तीच्या रंगांत रंगवून, सोव्हिएत शिरस्त्याप्रमाणें तीं लढविलीं जात. वैमानिकास पहिल्या दहा मोहिमांतच सर्वांत अधिक धोका असतो, या अनुमानावर मेजर रिचर्ड सूटर यांनीं एका मोठ्या सरावाची कल्पना मांडली. नोव्हेंबर १९७५ मध्यें 'रेड फ्लॅग' या नांवानें ती अमलांत आली. त्या दहा मोहिमा घरींच, जीव न गमावतां, व्हाव्यात हा तिचा हेतु.

आमच्या वाचकांपैकीं जे संग्राहक आहेत त्यांस अस्सल व नक्कल यांतील अंतर सांगावयास नको. एफ-५ ही झाली नक्कल. अस्सल मिग विमानेंही अमेरिकेच्या हातीं होतीं. १९६६ सालीं एका इराकी वैमानिकानें इस्राएलांत नेलेलें मिग-२१ हें १९६८ च्या आरंभीं नेव्हाडांत गुप्तपणें तपासण्यांत आलें. पुढें त्याच प्रांतांत टोनोपा येथें ४४७७ क्रमांकाच्या पथकानें १९७९ ते १९८८ पर्यंत खऱ्या मिग-१७, २१ व २३ विमानांवरून सुमारें ५,९०० अमेरिकन वैमानिकांस शत्रूचें दर्शन घडविलें. पहिला धडा पुष्कळदां नुसता जवळून पाहण्याचाच असे; कारण प्रथम दर्शनीं माणूस थिजतो, आणि तें थिजणें युद्धांत होऊं नये. या पथकाचे दोन वैमानिक, एक १९७९ त व एक १९८२ त, या विमानांच्या अपघातांत मरण पावले. ही हकीकत २००६ सालीं गुप्ततेंतून मोकळी झाली. तोंपर्यंत ते कोणत्या कामीं आले हें उघड सांगतां येत नव्हतें. इतिहासाचीं साधनें दडवून ठेविलीं असतां मृतांचा न्यायही दडून राहतो, याचें हें उदाहरण होय.

सोव्हिएत सत्तेचा प्रभाव ओसरतांच विस्मरणाचा फेरा पुन्हां आला. ६५ वें पथक १९८९ त व ६४ वें १९९० त मोडण्यांत आलें. ६४ वें २००३ सालीं पुन्हां उभारावें लागलें. ६५ वें पुढें दोनदां उभारलें गेलें. त्यांतील दुसरी उभारणी २०२२ ची.

शेवटीं एक नोंद. हिंदुस्थानच्या वायुदलानें अशा विद्येसाठीं १९७१ सालीं आदमपूर येथें स्वतःची संस्था काढली. ती आज ग्वाल्हेरीस आहे. शिंद्यांच्या त्या जुन्या राजधानीजवळ फेब्रुवारी २००४ मध्यें अमेरिकन एफ-१५ विमानें संयुक्त सरावास आलीं, तेव्हां त्यांच्यासमोर सुधारलेलीं मिग-२१ उघडपणें उभीं होतीं. ज्या जातीच्या विमानासाठीं नेव्हाडाच्या वाळवंटांत एवढी गुप्तता पाळली, तें येथें पाहुण्यांच्या स्वागतास हजर होतें. त्या सरावाचीं जयापजयाचीं प्रमाणें वर्तमानपत्रांत बरींच गाजलीं. परंतु अमेरिकन विमानें संख्येनें कमी ठेविलीं होतीं व त्यांच्या अस्त्रांवरही मर्यादा घातल्या होत्या. त्या अटी बाजूस ठेवून त्या प्रमाणांवरून अनुमान काढणें म्हणजे हेलकॅटची आख्यायिका नव्यानें लिहिणें होय.