काकाला हाक मारणारा वाडा

नवी मुंबईच्या उलव्यात भुताला टेकायला जुनी भिंत नाही. सगळे नवे टॉवर, आणि टेकडी होती तीही विमानतळासाठी कापून काढलेली. त्यामुळे तिथल्या गच्चीवर झपाटलेल्या वाड्याच्या गप्पा निघाल्या की त्या थेट पुण्यात पोहोचतात, शनिवारवाड्यातल्या ‘काका, मला वाचवा’ या हाकेपाशी.

पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी वाड्याचा पाया घातला. २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवारच. हाकेला मात्र आणखी एकेचाळीस वर्षे होती. थोरले माधवराव पेशवे १७७२च्या नोव्हेंबरात गेले, धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला आणि काका रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत राहिले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी थकलेल्या पगाराचा तगादा लावत सुमेरसिंगाचे गारदी आत घुसले. अठरा वर्षांचा पेशवा धावत काकाकडे गेला, त्याला बिलगला आणि तिथेच कापला गेला. त्याला वाचवायला आडवा पडलेला सेवक चाफाजी टिळेकरही मेला. त्याची हाक मात्र कुणाला ऐकू येत नाही. भुतांतही मानपान असावेत!

रघुनाथरावाची बायको आनंदीबाई हिने हुकुमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ करून ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा सर्वांना पाठ आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावाला देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही आठवण अधिक खोल रुजली. शिक्षा झालीच नाही. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि १७८३ मध्ये कोपरगावी मेला. ती हाक अजून घुमते असे लोक म्हणतात, त्यामागे मला हा तुंबलेला निकाल दिसतो. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकाने तो खटला रंगभूमीवर उभा केला आणि ज्यांनी पुणे पाहिलेही नव्हते त्यांच्याही कानी तो पोहोचला.

गंमत म्हणजे भूत ज्या दालनांतून धावते म्हणतात, ती दालने उरलेलीच नाहीत. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत आतले महाल जळाले. राहिली ती तटबंदी, जोती आणि दरवाजे. त्यांतल्या एका दरवाजाने नारायणरावाचा देह बाहेर नेला, म्हणून तो नारायण दरवाजा.

नारायणरावाचा मुलगा सवाई माधवराव १७९५ मध्ये याच वाड्यात वरून पडला आणि एकविसाव्या वर्षी गेला. त्याचे भूत कुणी सांगत नाही. त्याच्या मृत्यूनंतर बोट दाखवायला कुणी काका नव्हता.