उद्यान-पसंती

उद्यान-पसंती : शहरातल्या सार्वजनिक बागांपैकी लोक कोणती बाग निवडतात, तिच्या कोणत्या भागात रेंगाळतात आणि कोणत्या बागेकडे पाठ फिरवतात, याचा अभ्यास. भूगोल, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि उद्यानरचना या शाखांनी तो आपापल्या परीने केला आहे. यात ‘आवड’ आणि ‘वापर’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. प्रश्नावली हातात दिली की लोक झाडे, पाणी, स्वच्छता अशी उत्तरे लिहितात. पाय मात्र बहुधा घराजवळच्या, टेकायला जागा असलेल्या आणि चार माणसे दिसणाऱ्या ठिकाणाकडे वळतात.

ब्रिटिश भूगोलज्ञ जे ॲपलटन यांनी १९७५ मध्ये असे मांडले की, जिथून आपल्याला दूरवर दिसते पण आपण चटकन कोणाच्या नजरेत भरत नाही, ती जागा माणसाला बरी वाटते. हिरवळीच्या मध्यापेक्षा कडेच्या झाडाखालची जागा आधी अडते, ती या तर्कानुसार. मिशिगन विद्यापीठातील रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने लोकांना निसर्गदृश्यांची छायाचित्रे दाखवून त्यांची पसंती नोंदवली. दृश्य सहज उमगावे, पण पुढे आणखी काहीतरी असेल अशी उत्सुकताही राहावी, असा त्यांच्या १९८९ च्या ग्रंथाचा रोख आहे. सरळसोट रस्त्यापेक्षा वळून दिसेनाशी होणारी पायवाट म्हणूनच भावते. छायाचित्रांची ही पद्धत सोयीची, तरी तोकडी आहे. फोटोत डास नसतात, आणि तेच वळण संध्याकाळी साडेसातला कसे वाटेल हेही कळत नाही. एकट्या बाईला ते वळण आणि ती दाट झुडपे नकोशी होतात. जोडप्याला नेमकी तीच हवी असतात. रखवालदाराची शिटी बहुतेक वेळा जोडप्यांसाठीच वाजते.

विल्यम एच. व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील चौकांवर कॅमेरे रोखले आणि लोक काय सांगतात याऐवजी काय करतात ते मोजले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष छापायला संकोच वाटावा इतका साधा आहे : बसायला जागा असेल तिथे लोक बसतात, आणि माणसे असतील तिथे आणखी माणसे येतात. हलवता येणाऱ्या खुर्च्यांबद्दलचे त्यांचे निरीक्षण मात्र फार बारकाईचे आहे. माणूस बसण्याआधी खुर्ची जराशी सरकवतो. कधी कधी तर ती पुन्हा होती तिथेच येते. जागा आपण निवडली, एवढेच त्याला हवे असते.

याचा पडताळा ब्रायंट पार्कमध्ये आला. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयामागची ही बाग रस्त्यापेक्षा उंचावर आणि झुडपांच्या कुंपणाआड होती. आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नसे, आणि १९७० च्या दशकात ती अमली पदार्थ विकणाऱ्यांच्या ताब्यात गेल्यासारखी झाली. १९८८ मध्ये ती बंद करून कुंपणे हटवली, प्रवेशमार्ग रुंद केले, सुट्या खुर्च्या ठेवल्या. १९९२ मध्ये ती पुन्हा उघडली, तेव्हा दुपारचा डबा घेऊन येणाऱ्या नोकरदारांनी भरून गेली.

व्हाइट यांचे पुस्तक न वाचता हेच साधलेली जागा दादरला आहे. १९२५ मध्ये खुले झालेले आणि १९२७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळालेले शिवाजी पार्क सुमारे २८ एकरांचे आहे. उद्यानशास्त्राच्या कसोट्या लावल्या तर तिथे फुलझाडांचे ताटवे नाहीत, कारंजी नाहीत. मैदानातल्या मातीची धूळ ही तर आसपासच्या रहिवाशांची जुनी तक्रार. तरीही गर्दी हटत नाही, याचे मोठे श्रेय भोवतीच्या कट्ट्याला द्यावे लागते. एक किलोमीटरहून लांब असलेल्या या बुटक्या भिंतीवर आत तोंड करून बसले की क्रिकेटची नेट दिसते, बाहेर पाय सोडले की फेऱ्या मारणारे ओळखीचे लोक भेटतात. त्यासाठी फाटक नाही, तिकीट नाही, आणि ‘इथे का बसलात’ असे कोणी विचारत नाही.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यांना सारखा लागू नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या ‘व्हाय लॉयटर?’ (२०११) या मुंबईवरील पुस्तकानुसार बाईला सार्वजनिक जागी आपण कामासाठी आलो आहोत हे सतत दाखवावे लागते. बागेत फेऱ्या मारणाऱ्या स्त्रिया पुष्कळ दिसतात, नुसत्या बसून राहिलेल्या कमी, याचा उलगडा त्यातून होतो. व्हिएन्नात १९९० च्या दशकातील पाहणीत दिसले की साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत येईनाशा होतात. मुलींना खेळ आवडत नाहीत असे नव्हते. जाळीने बंदिस्त केलेले एकच चेंडू-मैदान मोठी मुले अडवून बसत. १९९९ पासून दोन बागांमध्ये मैदानाचे भाग पाडले, प्रवेश वाढवले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली आणि मुली परतल्या. नावड म्हणून नोंदली जाणारी गोष्ट अनेकदा अशी अडवणूक निघते.

वय आणि सवयीनुसारही निवड बदलते. मुलांना घसरगुंडी पुरते, ज्येष्ठांना पाठ टेकता येईल असे बाकडे आणि स्वच्छतागृह लागते. हास्यक्लबची सुरुवात डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेतच केली. अशी मंडळी बागेसाठी कमी आणि गटासाठी जास्त येतात.

अंतराबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाचा ठोकताळा असा : घरापासून ३०० मीटरच्या आत निदान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असावी. आपल्याकडे अंतराइतकेच घड्याळ महत्त्वाचे ठरते. मे महिन्यात सावलीची गरज दुपारी असते, आणि नेमक्या त्याच वेळी अनेक पालिकांच्या बागांना कुलूप असते.

नियमांचा परिणाम पुण्यात दोन बागा शेजारी ठेवून पाहता येतो. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधील ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर रचलेले आहे. पाणी, दगड, छाटलेली हिरवळ, वळणाच्या वाटा. कॅप्लन दांपत्याच्या छायाचित्रांत शोभावे असे. तिकीट काढून ते फिरत पाहायचे असते. सारसबागेत तळ्यातल्या गणपतीचे दर्शन होते, हिरवळीवर पथारी पसरता येते, बाहेर पडले की भेळ मिळते. पाहुणे आले की लोक त्यांना पहिली बाग दाखवायला नेतात. दिवाळी पहाटेला नवे कपडे घालून माणसे जमतात ती मात्र सारसबागेत.