मारिओचा आवाज : एका अदृश्य नटाची कारकीर्द

अभिनयाचा इतिहास आपण बहुधा चेहऱ्यांच्या आधारे लिहितो. छायाचित्रे, जाहिराती, रंगभूषेच्या आठवणी ही त्याची साधने. व्हिडिओ गेममधला नट या पद्धतीत बसत नाही. पडद्यावरचे शरीर त्याचे नसते, हालचाल खेळणाऱ्याच्या बोटांनी ठरते आणि पात्राची मालकी कंपनीकडे असते. नटाचा म्हणून उरतो तो केवळ आवाज. तो तरी त्याचा असतो का, हा प्रश्न चार्ल्स मार्टिने या अमेरिकन नटाच्या सुमारे तीन दशकांच्या कारकिर्दीतून नेमकेपणाने पुढे येतो.

मारिओ जन्मला तो मुका. १९८१ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या 'डाँकी काँग' या खेळात तो प्रथम दिसला. मोजक्या चौकोनी ठिपक्यांत नाक आणि तोंड वेगळे दाखवणे अवघड होते, म्हणून शिगेरू मियामोतो यांनी त्याला मिशी दिली. केस रेखाटणे टाळण्यासाठी टोपी घातली. चित्राची ही कथा, तर आवाजाची अवस्था त्याहून बिकट. १९८० सालच्या 'बर्झर्क' या खेळातले यंत्र काही शब्द बोलत असे, पण तो कृत्रिम, यंत्राने जुळवलेला उच्चार होता. खेळात माणसाचा आवाज साठवायचा तर स्मृती लागते आणि ती त्या काळी महाग होती.

खेळाबाहेर मात्र मारिओला आवाज मिळाला होता. १९८९च्या दूरचित्रवाणी मालिकेत लू अल्बानो या माजी मल्लाने त्याची भूमिका केली. १९९३च्या चित्रपटात बॉब हॉस्किन्स हे ब्रिटिश अभिनेते मारिओ झाले. दोन्हीकडे हा इटालियन वंशाचा नळकारागीर वयाने पोक्त आणि आवाजाने राकट होता.

मार्टिने यांचा जन्म १९५५ सालचा, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा. बर्कलीच्या विद्यापीठात ते राज्यशास्त्र शिकत होते. तिथून नाटकाकडे वळले. बर्कली रेपर्टरी थिएटरमध्ये उमेदवारी केली, लंडनच्या ड्रामा स्टुडिओत शिक्षण घेतले. म्हणजे त्यांची घडण शुद्ध रंगमंचाची.

१९९०च्या दशकाच्या आरंभी एका व्यापारी प्रदर्शनासाठी मारिओचा आवाज हवा होता. मार्टिने यांनी अनेक मुलाखतींत सांगितलेली हकिकत अशी : आमंत्रण नसताना ते निवडीच्या जागी पोहोचले, तेव्हा मंडळी आवराआवर करत होती. ब्रुकलिनमधला इटालियन नळकारागीर उभा करून बोलत राहा, एवढीच सूचना मिळाली. राकट आवाज काढण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता. पण ऐकणारी मुले आहेत हे ध्यानात घेऊन त्यांनी तो सोडला आणि शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू' या नाटकातला म्हातारा ग्रेमिओ आठवला. त्याला धरून त्यांनी आवाज वर चढवला, गोड केला, आणि टेप संपेपर्यंत खाण्यापिण्यावर बडबड चालू ठेवली.

ही निवड वाटते तितकी आकस्मिक नाही. शेक्सपिअरच्या संहितेत ग्रेमिओला 'पँटलून' म्हटले आहे. पँटलून म्हणजे इटलीच्या 'कोमेदिया देल्लार्ते' या लोकनाट्यातला ठरीव म्हातारा. त्या परंपरेत मुखवटा ठरलेला असतो आणि बोलणे आयत्या वेळी सुचलेले. मारिओचा चेहराही ठरलेलाच होता. त्यामागून बोलण्याची जुनी कला एका नटाने नव्या यंत्रात नेली.

प्रदर्शनात तर मुखवटा अक्षरशः होता. मार्टिने आडोशाला बसत. त्यांच्या चेहऱ्याची हालचाल टिपणारी यंत्रणा पडद्यावरचे मारिओचे डोके हलवी आणि ते पाहुण्यांशी थेट गप्पा मारत. लोक मारिओशी बोलत होते. नट कुणालाच दिसत नव्हता.

१९९६ साली 'सुपर मारिओ ६४' आला आणि हा आवाज घरोघरी गेला. त्या वेळी प्रतिस्पर्धी सोनीचे खेळ सुमारे ६५० मेगाबाइटच्या तबकडीवर येत. निन्टेंडोचा हा खेळ ८ मेगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेला होता. लांब संवादांना जागाच नव्हती. म्हणून मारिओच्या वाट्याला आल्या उडी मारतानाच्या आरोळ्या, आपटल्यावरचे कण्हणे, जिंकल्यावरचा जल्लोष. तासन्‌तास गप्पा मारणारा नट काही सेकंदांच्या हुंकारांत आवळला गेला. या आरोळ्यांना भाषांतर लागत नव्हते, हा त्याचा अनपेक्षित फायदा. पुढे लुईजी, वारिओ, वालुईजी यांचे आवाजही मार्टिने यांनीच दिले. २०११च्या 'स्कायरिम'मधला धीरगंभीर वृद्ध ड्रॅगन पार्थर्नॅक्स हाही त्यांचाच. पण तो आणि मारिओ एकाच कंठातून निघतात, हे कितीशा खेळणाऱ्यांच्या लक्षात आले असेल?

नट जितका पात्रात विरघळतो, तितकी कला यशस्वी ठरते आणि तितकाच त्याचा हक्क पातळ होतो. या धंद्यातले नट २०१६च्या ऑक्टोबरात संपावर गेले त्याचे मूळ इथेच आहे. सॅग-आफ्ट्रा या अमेरिकन संघटनेचा हा संप ११ कंपन्यांविरुद्ध होता; निन्टेंडो त्यांत नव्हती. किंचाळणे, मरणे, भाजणे यांचे आवाज सलग काढून गळे फाटत होते, म्हणून अशी सत्रे दोन तासांपुरती मर्यादित करावीत. खेळाच्या प्रती ठरावीक संख्येने खपल्या की नटाला वाटा मिळावा. आणि आपण कोणत्या खेळात काम करतो आहोत हे आधी कळावे, अशा मागण्या होत्या. सुमारे अकरा महिन्यांनी तडजोड झाली. माहिती देण्याबाबत सुधारणा झाली. खपातला वाटा मात्र मिळाला नाही. त्याऐवजी सत्रांच्या संख्येवर जादा रक्कम ठरली : पहिल्या सत्राला ७५ डॉलर, दहा सत्रांनंतर एकूण २१०० डॉलर.

एप्रिल २०२३मध्ये मारिओचा नवा चित्रपट आला तेव्हा नायकाचा आवाज ख्रिस प्रॅट या चित्रपट-ताऱ्याचा होता. मार्टिने छोट्या भूमिकांत होते. ऑगस्टमध्ये निन्टेंडोने जाहीर केले की ते आवाज देणे थांबवून 'मारिओ राजदूत' होतील. या पदाचा नेमका अर्थ अद्याप आपल्यालाही ठाऊक नाही, असे त्यांनी थोड्याच दिवसांत चाहत्यांसमोर सांगितले. ऑक्टोबरात आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर'मध्ये केविन अफगाणी यांनी मारिओ आणि लुईजी बोलते केले. बाज मार्टिने यांनीच घालून दिलेला होता.

नव्या नटाने जुन्या नटाचा बाज उचलणे ही रंगभूमीची रीतच आहे. ग्रेमिओ तरी शेकडो नटांनी केलाच. तिथे एक जिवंत माणूस दुसऱ्याकडून शिकतो आणि त्यात स्वतःचे काही मिसळतो. जुलै २०२४मध्ये याच संघटनेने पुन्हा संप पुकारला तो वेगळ्या भीतीने : ध्वनिमुद्रणांवरून संगणकाने नटाचा आवाज नटाशिवाय घडवला तर काय? २०२५च्या करारात अशा प्रतिकृतीसाठी नटाची संमती आणि वापराची माहिती या अटी आल्या.

१९९६ साली आवाज साठवायला जागा नव्हती, म्हणून नटाचे बोलणे कापले गेले. आज जागा इतकी आहे की एकदा साठवलेल्या आवाजाला नटाची गरज उरणार नाही, असे मालकांना वाटू शकते. मार्टिने आडोशाला बसत, पण तिथे बसलेले असत. खेळणाऱ्या मुलांचा विचार करून राकट आवाज टाळणे ही त्या आडोशामागच्या माणसाची बुद्धी होती. साठवलेल्या आरोळ्यांत तिचा परिणाम ऐकू येतो. तसा निर्णय पुन्हा घ्यायची वेळ आली, तर तो घ्यायला नटच लागेल.