गवत थांबले, मिरची थांबत नाही

वाणगावच्या बाजूची हिरवी मिरची आपल्या ओळखीची आहे. तिची गोष्ट आम्ही गवतापासून सुरू करणार आहोत. कारण मालाच्या किमतीत मेहनतीचा वाटा किती, हा सवाल डहाणू-तलासरीत मोठ्याने विचारला गेला तो गवतावरून.

1945 पर्यंत येथील वारली जमीनदाराचे कूळ होता, वेठबिगार होता, आणि पुष्कळदा लग्नाच्या कर्जापायी जन्माचा 'लग्नगडी' होता. पाऊस सरला की तो माळावरचे गवत कापी आणि ते मुंबईच्या तबेल्यांना जाई. 23 मे 1945 रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेचा लाल बावटा तेथे लागला, वेठ बंद करण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी गवताच्या हंगामात मागणी आली : पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये. 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण ठार झाले. जेठ्या गांगड त्यांतला एक. परुळेकर दांपत्यास जिल्हाबंदी झाली. तरी विळे चालले नाहीत, आणि अखेर मालकांना तो दर मान्य करावा लागला.

पुढारी बाहेर असता संप टिकला कसा? आम्ही सभांतून 'एकजूट' एवढेच उत्तर देत आलो. ते खरे, पण अपुरे. उभे गवत मालकाचे होते. ते वाया जाण्याची धास्तीही त्याचीच होती. वारल्याला अर्धपोटी राहण्याची सवय होती, मालकाला तोट्याची नव्हती.

आता मिरची पाहा. कूळकायदा आला, 2006 चा वनहक्क कायदा आला. काहींच्या हाती जमिनीचा तुकडा आला. अशा तुकड्यावर मिरची लावणारा छोटा शेतकरी हाच मालक. रोपे, खत, औषध उधारीवर. तोडणीला बायका, रोजाने किंवा किलोवर. संध्याकाळी पोती टेम्पोत चढली की भाव दूरच्या बाजारात ठरतो. शेतकऱ्याला कळतो तो आडत्याच्या पट्टीवरून. 2016 साली भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी असे ठरले. चांगले झाले. परंतु टेम्पोचे भाडे माल पाठवणाऱ्याच्याच अंगावर पडते, आणि तोडलेली हिरवी मिरची चार दिवसांत मऊ पडते. येथे थांबण्याची भीती पिकवणाऱ्याला आहे, घेणाऱ्याला नाही. पट्टी पडली की उधारीवाला आधी उभा राहतो. मग मालाला हात लावणारी पहिली बाई पैशाला शेवटची ठरते.

आम्हां संघटनेच्या माणसांना समोर मालक लागतो. तोडणारणीच्या समोर जो उभा आहे तो स्वतःच कर्जात, कधी तिच्याच पाड्यातला. त्याच्या बांधावर बावटा लावताना आमचाही हात अडखळतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

एका बैठकीत आम्ही गवताच्या संपाची हकीकत रंगवून सांगितली. मागे बसलेली एक तोडणारीण म्हणाली, "मिरची झाडावर ठेवली तर लाल होते. लाल सुकवून ठेवता येते. पण सुकेपर्यंत आमच्या घरात तांदूळ कोण देणार?" पुढचे तास-दोन तास आम्ही तांदळाचाच हिशेब करीत बसलो.