हार्बरची गाडी आणि आपली रेल्वे

आपल्या सोसायटीला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. प्लॉट घेतले तेव्हाच्या गप्पा जुन्या सभासदांना आठवत असतील. भाव सांगणारा प्रत्येक जण शेवटी एकच वाक्य टाकायचा, "आता रेल्वे येऊ द्या, मग बघा!" घरे झाली, झाडे मोठी झाली, पोरे शिकून पुण्या-मुंबईला गेली. रेल्वे मात्र अजून यायचीच आहे. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा म्हटलं, रेल्वेवरच लिहू. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे मुंबईच्या हार्बर लाईनवर गेली. ती लाईन कशी वाढली, नवीन गाड्या कशा ठरल्या, हे पाहिले तर आपण नेमके काय मागायला हवे ते कळेल असे वाटते.

आधी आपला नकाशा बघू. उत्तरेला खामगाव. तिथल्या कापसाच्या बाजारासाठी जलंब ते खामगाव हा छोटा फाटा १८७० साली सुरू झाला आणि त्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले होते. दक्षिणेला जालना. निजामाच्या राज्यातली मनमाड–सिकंदराबाद ही मीटरगेज लाईन १९०० च्या सुमारास तिथे पोचली. या दोन्हींच्या मधे आपला पट्टा राहिला : देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखली. जालना–खामगाव ही सुमारे १६० किलोमीटरची लाईन व्हावी ही मागणी ब्रिटिश काळापासूनची आहे. सर्वेक्षणे झाली, पुन्हा झाली. बालाजी महाराजांच्या यात्रेला लांबून येणारा भाविक आजही जालन्याला उतरतो आणि पुढे एस.टी. धरतो.

आता मुंबईकडे जाऊ. हार्बर लाईनसुद्धा मुळात माणसांसाठी नव्हती. बंदराकडे माल जावा म्हणून १९१० साली कुर्ला ते रे रोड हा मार्ग झाला. त्या बाजूला कॉटन ग्रीन नावाचे स्टेशन आहे. नाव कापसाच्या बाजारावरून पडले. वऱ्हाडातला कापूस ज्या मुंबईला जायचा, तिथले ते नाव. मी पहिल्यांदा ते वाचले तेव्हा गाडीत एकटाच हसलो होतो. आपला कापूस रेल्वेने मुंबईला पोचला, पण आपण जालन्यापर्यंत बसने जातो!

पुढे ही लाईन व्हिक्टोरिया टर्मिनसपर्यंत नेली. मधे दाट वस्ती, जमीन नाही, म्हणून सँडहर्स्ट रोडला रूळ उंचावरून काढले. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेवरची गाडी व्ही.टी.हून कुर्ल्याला गेली, ती याच मार्गाने. १९५१ मध्ये प्रवासी गाडी मानखुर्दपर्यंत गेली आणि तिथे चाळीस वर्षे थांबली.

या चाळीस वर्षांतली शेवटची काही मी भोगली आहेत. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, खाडीपलीकडे नवी मुंबई उभी राहू लागली. वाशीला घरे होती, बाजार होता, पण लोकल नव्हती. स्वस्त म्हणून आम्ही वाशीला भाड्याने खोली घेतली. सकाळी बसने खाडीचा पूल ओलांडून मानखुर्द, तिथून लोकलने मस्जिद बंदर. पुलावर बस अडकली की ऑफिसात लेटमार्क. संध्याकाळी तेच उलटे. धाकटा मुलगा दोन वर्षांचा होईपर्यंत मी त्याला जागा असलेला फक्त रविवारी पाहिला. घरातली मंडळी म्हणायची, "शहर आधी बांधलं आणि गाडी मागून आणणार, हा कुठला हिशोब?"

हिशोब पैशाचा होता. शेवटी तोड निघाली ती अशी की खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोने उचलायचा आणि ३३ टक्के रेल्वेने. रेल्वे आली की जमिनीची किंमत वाढते, मग त्या वाढीतला पैसा रेल्वेला का लावू नये, असा तो विचार. ९ मे १९९२ ला वाशीपर्यंत लोकल सुरू झाली. पुढे बेलापूर आणि पनवेल जोडले गेले. २००४ मध्ये ठाणे–वाशी हा ट्रान्स-हार्बर मार्ग झाला. त्यामुळे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्याला कुर्ल्याला उतरून गाडी बदलण्याची गरज उरली नाही. दुसऱ्या टोकाला हार्बरची गाडी अंधेरीहून पुढे २०१८ मध्ये गोरेगावला गेली. उरणपर्यंतचा रस्ता जानेवारी २०२४ मध्ये पुरा झाला.

इथपर्यंत झाली रुळांची गोष्ट. खरी गंमत टाइमटेबलात आहे. पनवेलहून येणारी आणि गोरेगावहून येणारी अशा दोन्ही गाड्या वडाळ्याला एकत्र येतात आणि पुढे सी.एस.एम.टी.पर्यंत एकाच जोडीच्या रुळांवरून धावतात. तिथे हार्बरला प्लॅटफॉर्म दोनच. समजा चार-चार मिनिटांनी गाडी सोडली, तर तासाला पंधरा गाड्या बसतात. या पंधरा दोन्ही फाट्यांत वाटायच्या. गोरेगावला एक वाढवली की पनवेलची एक कमी होते. म्हणून "आमच्या स्टेशनला गाडी वाढवा" असे निवेदन देणे सोपे आणि ती गाडी बसवणे कठीण.

गाडी तरी किती लागतात? पनवेल ते सी.एस.एम.टी. सव्वा तासाच्या वर लागतो. जाऊन, फिरून परत यायला तीन तास धरा. दर दहा मिनिटांनी गाडी हवी असेल तर अठरा गाड्या फिरत्या ठेवाव्या लागतात. शिवाय त्यांचे मोटरमन, गार्ड, रात्री उभ्या करायची जागा, धुण्या-दुरुस्तीची सोय. रूळ टाकल्यावर हे सगळे आपोआप येत नाही. उरणच्या मार्गावर सुरुवातीला दोन गाड्यांत बरेच अंतर होते, आणि चुकलेल्या गाडीनंतर बसून राहणाऱ्याला नव्या स्टेशनचे कौतुक कसे वाटणार?

हे सारे इथे का सांगतोय? आपल्याकडे रेल्वेच्या मागणीत नेहमी "मार्ग मंजूर करा" एवढेच असते. माझे म्हणणे, त्याच्या जोडीला वेळापत्रकही आत्ताच मागावे. आपल्या कॉलनीतली मुले-मुली कॉलेजला जालन्याला अप-डाऊन करतात. कुणी नोकरीला, कुणी दवाखान्यात जातात. त्यांना रात्री दोन वाजता येणाऱ्या एक्स्प्रेसचा काय उपयोग? त्यांना सकाळी ऑफिस-कॉलेजच्या आधी जालन्याला पोचणारी आणि संध्याकाळी घरी आणणारी साधी पॅसेंजर किंवा मेमू हवी. जालन्याला मुंबई-संभाजीनगरकडच्या गाड्या मिळतील अशी तिची वेळ हवी.

शिवाय आपला मार्ग एकेरी झाला, तर समोरासमोरच्या गाड्या फक्त स्टेशनातच एकमेकींना ओलांडू शकतात. त्याला क्रॉसिंग म्हणतात. देऊळगाव राजाला दुसरा रूळ आणि क्रॉसिंगची सोय नसेल तर पुढे कितीही निवेदने द्या, गाडी वाढणार नाही. स्टेशन गावापासून किती लांब आणि तिथे रिक्षा-एस.टी. कशी जाणार, हेही नकाशा पक्का होण्याआधीच बोलायला हवे. आणि वाशीचा धडा विसरू नये. रेल्वेमुळे ज्यांच्या जमिनीचे भाव वाढतील, त्या वाढीतला काही वाटा स्टेशनच्या सोयींना लागावा, ही मागणी आपल्या नगरपरिषदेने करायला हरकत नाही.

वाशीच्या प्लॅटफॉर्मवर पहिल्यांदा लोकल धरली त्या संध्याकाळी मी नेहमीपेक्षा लवकर घरी पोचलो. मुलगा दारात उभा होता आणि मला बघून आईला म्हणाला, "आज रविवार आहे का?" तो आता पुण्याला असतो. आईला भेटायला येतो तेव्हा जालन्याहून फोन करतो, "उतरलोय, एस.टी. बघतो." सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्याच्या मुलांपैकी कुणीतरी लिहावे, की आम्ही देऊळगाव राजा स्टेशनला उतरलो आणि पायी घरी आलो. तोवर निवेदने देत राहू, पण गाडीच्या वेळेसकट.